समोरचा कोपरा

माझी मेहुणी वान्ना पालेर्मोहून चार दिवसांसाठी बोलोन्याला आली होती. दिवसभर आम्ही चर्च, मनोरे, बाजार पालथे घालायचो आणि संध्याकाळी चौकातल्या जुन्या कमानीखाली यायचो.

तिथे एका कोपऱ्यात भिंतीला तोंड करून कुजबुजलं, की समोरच्या कोपऱ्यात थेट कानाशी ऐकू येतं. मी या कोपऱ्यात, वान्ना समोरच्या; मात्र वळून बघायचं नाही, हीच गंमत.

“भाऊजी, तुम्ही रांधलेल्या तोर्तेलिनीत मीठ कमी होतं हं!” भिंत म्हणायची.

“आयतं गिळतेस आणि वर नावं ठेवतेस?” मी हसायचो. बायको गेल्यापासून इतका हसलो नव्हतो.

चौथ्या संध्याकाळी मी विचारलं, “उद्या जायलाच हवं का गं?”

“मी कुठे जातेय?”

तेवढ्यात मागून कुणीतरी खांद्यावर टपली मारली. वान्ना! हातात आइस्क्रीम.

“खरं सांगू भाऊजी? भिंतीशी बोलायची मला लाज वाटते. चारही दिवस मी आइस्क्रीम खायला सटकत होते.”

“मग मीठ कमी होतं, असं कोण म्हणालं?”

“काहीतरीच! झकास होती तोर्तेलिनी.”

समोरचा कोपरा रिकामा होता. वान्ना माझ्याकडे बघत निवांत आइस्क्रीम चाटत होती.

भिंतीतून तिचाच आवाज आला, “भाऊजी, आणि माझं आइस्क्रीम?”