तिसरी पिढी

"चेंडू कुठे पडला रे?"

गोल्फ क्लबच्या अध्यक्षसाहेबांनी मला, त्यांची बॅग वाहणाऱ्या कॅडीला, विचारलं. मोतीबिंदूमुळे वर्षभर मला लांबचा चेंडू दिसत नव्हता. मी नुसत्या आवाजावर बोट दाखवायचो. साहेब कॅडीच्या तोंडाकडे कधी बघत नाहीत, म्हणून निभावलं होतं. आज मात्र शेजारी गवत कापायचं मशीन धडधडत होतं.

सोबतच्या पाहुण्याला क्लबचा मेंबर व्हायचं होतं. "तुमच्या घरात गोल्फ किती पिढ्यांचा?" साहेबांनी त्याला विचारलं.

"माझी तिसरी," तो चाचरत म्हणाला.

मी उंच गवतात चाचपडू लागलो. साहेब फोनवर बोलत वळताच पाहुणा जवळ आला, त्याने बूट काढला आणि पायाच्या बोटांनी गवत चाळत चेंडू वर काढला. हे फक्त अनवाणी चेंडू शोधत वाढलेल्या कॅडीच्या पोराला जमतं. त्याने तो माझ्या मुठीत कोंबला.

"बूट का काढलात?" मागून साहेबांचा आवाज आला. पाहुणा पांढराफटक पडला.

"काटा रुतला त्यांना, साहेब. मीच बूट काढायला लावला," मी पुढे होऊन म्हणालो.

तीस वर्षांत पहिल्यांदा साहेबांनी माझ्या डोळ्यांत बघितलं. आणि बुबुळांवरच्या पांढऱ्या पडद्याकडे बघतच राहिले.