नवऱ्याच्या फोटोखालची बाई

मी सोयाबीनच्या तेंपेचे काप तळत होते. शेजारची गिलांगची आई तरातरा आत आली आणि तिने फोन माझ्या नाकासमोर धरला. "दानिसची आई, झोपलीयेस का गं? ही रेत्नो पालुपी कोण? तुझ्या नवऱ्याच्या फोटोंवर बदाम टाकत सुटलीय. प्रोफाइलवर ना नवरा, ना पोर. गॉगल लावून एकटीच समुद्रावर उभी! असल्याच घर फोडतात."

"अगं, मीच ती. माझंच नाव आहे ते. काल खात्यावरचं 'दानिसची आई' काढलं आणि हे टाकलं. फोटो कॉलेजातला."

ती फोटोकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. मग तिने दार लोटलं, जवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "आता खरं सांग. कोणासाठी बदललंस?"