त्रेसष्टावा मणी

तीन महिने झाले, मी रोज सकाळी सातला फोन लावते आणि दादा तेच सांगतो, "चिमे, आई जपाला बसलीय. उठवलं तर जप मोडेल ना तिचा!" मग तो फोन तिच्याजवळ धरतो. ओम नमः शिवाय, ओम नमः शिवाय. आवाज खणखणीत. तेवढं ऐकून मी कामाला पळते.

लहानपणी मंत्राचा अर्थ विचारला की आई म्हणायची, "अर्थ कसला गं, हाक आहे ती. मारायची तर पूर्ण मारायची, अर्धी सोडायची नाही."

या आठवड्यात सुट्टी होती, म्हणून सोमवारी मीही माळ घेऊन फोनवरच तिच्याबरोबर जपाला बसले. त्रेसष्टाव्या मण्याला तिला ठसका लागला. "दादा, गरम पाणी दे रे तिला," मी म्हटलं. मंगळवारी पुन्हा ठसका, पुन्हा त्रेसष्टाव्यालाच. योगायोग असेल, म्हणून मी स्वतःलाच दटावलं.

आज त्रेसष्टाव्या मण्यावर बोट ठेवलं आणि श्वास रोखला. ठसका आला.

"दादा, आईला फोन दे."

"अगं, जप..."

"मोडू दे जप. मी तिची माफी मागेन. तू फक्त तिला हाक मार, माझ्या कानावर पडेल अशी."

मागे आईचा जप चालूच होता. मग खट्ट आवाज झाला आणि जप 'ओम नमः'वरच थांबला.

माझ्या आईनं आयुष्यात कधी मंत्र अर्धा सोडला नव्हता.