लाल की निळं?

वैशाखऱ्याजवळ मितेशभाईंचं एअरसॉफ्टचं मैदान आहे. पाहुणे तिथं खेळातल्या बंदुकांनी एकमेकांवर प्लॅस्टिकच्या गोळ्या झाडतात. बंदुका दुरुस्त करायला माणूस हवा होता, म्हणून मुरबाडची अक्षदा मुलाखतीला गेली. वडिलांच्या गॅरेजात पाने-पक्कड हाताळतच ती मोठी झालेली. पण आणखी दोघे आले होते, ते तिला बघून गालातल्या गालात हसले, तशी ती धास्तावली.

मितेशभाईंनी तिघांना एकदमच विचारलं, "हादऱ्यानं बंदुकीचे स्क्रू ढिले होतात. ते चिकटवून धरायला थ्रेडलॉकर कुठलं लावाल? लाल की निळं?"

"लाल! जन्मात सुटणार नाय," दोघे एका सुरात म्हणाले.

अक्षदा चाचरत म्हणाली, "निळं. तेपण थेंबभर. लालवाला स्क्रू तापवल्याबिगर सुटत नाय, आणि तापवला तर बाजूचं प्लॅस्टिक वितळतं."

मितेशभाईंचा चेहरा पडला. आपलं काहीतरी चुकलं असं वाटून ती उठायला लागली.

 

"बस गो, नोकरी तुझीच," ते म्हणाले. "आत चाळीस बंदुका आहेत. सगळ्यांना मी कालच लाल लावलंय."