चोचीतली कैरी

"सगळं घालवलंस बघ!" जयवंतने कपाळावर हात मारला. चित्रातला नर धनेश झाडाच्या ढोलीशी आला होता, पण चोचीत होती कैरी. जंगलात पर्यटकांना पक्षी दाखवणाऱ्या माणसाच्या बायकोची ही चूक उद्या प्रदर्शनात अख्खं गाव बघणार होतं.

"अगं, धनेश उंबरं खातो!"

"तो कुठे खातोय? बायकोसाठी आणलीय," शर्वाणी म्हणाली.

"तीही उंबरंच खाते. अंडी घालायला ती ढोलीत कोंडून घेते आणि नर तिला खाऊ..." रोज पर्यटकांपुढे घडाघडा म्हटलेलं वाक्य तोंडातच अडकलं. त्याने चित्राकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ती ओठ दाबून हसत होती.

"खरंच?"

"प्रदर्शनासाठी उंबराचं वेगळं काढलंय. हे घरात लावायचं."

जयवंत अनवाणीच परसातल्या आंब्याकडे पळाला.