एक इंचही वाया नाही

वरच्या कप्प्यातला पेला बाबांनी उजेडात धरला. तळाशी दुधाचा थर तसाच होता. तीन तास भांडी घासायचं मशीन चालूनही पेला जसा गेला तसाच परत आला होता, आणि आठवड्यात हे चौथ्यांदा.

"झालं समाधान?" बायको म्हणाली. "उद्या महिना पुरा होतोय. दुकानदार परत घेतो म्हणालाय, तोवर देऊन टाका."

 बाबांनी खालची जाळी बाहेर ओढली. एका डावाचा दांडा जाळीतून खाली उतरला होता आणि पाणी उडवणारा पंखा त्याला अडून बसला होता. पंखा फिरला नाही की पाणी वर पोचत नाही. हे सांगायला मेकॅनिक नको होता. बाबांची उभी हयात पाणीपुरवठ्याच्या पंपांवर गेली होती.

"हे आपोआप होत नाही," ते म्हणाले.

"म्हणजे मी करते?"

"मी तुझं नाव घेतलं का?"

चोराच्या मनात चांदणं, असं मात्र त्यांच्या मनात येऊन गेलं.

"राहू द्या बाबा, मी घासते," असं म्हणत धाकट्या सुनेने भांड्यांचा ढीग उचलला आणि ती मोरीत गेली. नुकताच कामावरून आलेला धाकटा मुलगा बाह्या सरसावून, पुसायचं फडकं घेऊन तिच्या मागोमाग गेला. एरवी हा इकडची काडी तिकडे न करणारा. पाण्याच्या आवाजाने मुलांच्या अभ्यासात व्यत्यय नको म्हणून त्याने दार लावून घेतलं. आता दीड तास तरी दोघं बाहेर येत नाहीत, हे बाबांना माहीत होतं. त्यांना फार वाईट वाटलं.

मशीन त्यांनी या पोरीसाठीच आणलं होतं. लग्न होऊन आठ महिने झाले होते आणि तिच्या हातांची साल निघालेली त्यांनी पाहिली होती. हे मशीन पाणी पिणार म्हणून घरभर ओरड झाली, तेव्हा बाबांनी बादलीने मोजून दाखवलं. हाताने घासायला नऊ बादल्या, मशीनला जेमतेम एक. मग नियम घातले. दिवसातून एकदाच चालवायचं, तेही काठोकाठ भरल्यावर. भांडी आधी धुवायची नाहीत, फक्त खरकटं निपटायचं. कितीही घाई असो, कमी पाण्याचा तीन तासांचा कार्यक्रमच लावायचा. रात्रीची, सकाळची आणि दुपारची भांडी एकदम, दुपारी साडेतीनला.

भांडी मात्र ते स्वतः लावत. ताटल्या एकीला एक खेटून, वाट्या तिरक्या, पातेली पालथी. दुसऱ्या कुणी लावली तर तीन ताटल्या हमखास बाहेर राहत. जागा वाया घालवणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. घरही त्यांनी असंच लावलं होतं. चार खोल्या, अकरा माणसं, आणि कुणी अंग चोरून बसलंय असं वाटत नसे. थोरल्याच्या दोन मुली मोठ्या झाल्या तेव्हा त्यांच्या खाटा धाकट्या मुला-सुनेच्या खोलीत पडद्यापलीकडे अशा बेमालूम बसवल्या, की पाहुणेसुद्धा वाखाणत.

आणि आता एका डावापायी मशीन परत जाणार, आणि त्या पोरीच्या कपाळी पुन्हा तीच मोरी. बाबांना ते सहन होईना.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर त्यांनी भांडी लावली. पंख्याला बोटाने टिचकी मारली. तो गरगर फिरला.

"मी जरा पडतो," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "साडेतीनला चालू करीन."

मग ते कोठीच्या खोलीत शिरले आणि फटीला डोळा लावून उभे राहिले. स्वतःच्याच घरात चोरासारखं उभं राहायची वेळ आली म्हणून त्यांना जरा लाजही वाटली.

पहिली बायकोच आली. तिने मशीनचं दार उघडलं, वाकली. बाबांनी श्वास रोखला. तिने आपला चहाचा कप वर ठेवला, आडवा पडलेला एक चमचा सरळ केला आणि ती गेली. बाबा मनातल्या मनात ओशाळले. या बाईवर आपण आठवडाभर डूख धरला होता.

दहा मिनिटं कुणीच आलं नाही. त्यांचे गुडघे भरून आले. आता निघावं असं वाटत असतानाच धाकटी सून आली.

तिने आधी मागे वळून पाहिलं. खालची जाळी हलकेच ओढली. झारा घेतला, त्याचा दांडा जाळीतून खाली सरकवला आणि बाबांनीच शिकवल्याप्रमाणे पंख्याला बोटाने टिचकी मारून पाहिली. पंखा अडला. तिने जाळी आत ढकलली.

बाबा दार उघडून बाहेर आले. ती जागच्या जागी थिजली.

"तू?" बाबा म्हणाले. त्यांना रागसुद्धा येईना. "अगं, तुझ्यासाठी सगळ्या घराशी भांडलो मी. रोजचा दीड तास वाचत होता तुझा. तुला हे मशीन नको होतं, तर तोंडाने का नाही सांगितलंस?"

 बाहेरच्या खोलीतून मुलांचा आणि टीव्हीचा आवाज येत होता. कुणीतरी कुणालातरी सरकून बसायला सांगत होतं.

"यांनाही माहीत आहे," ती अखेर म्हणाली. "आमचं दोघांचं ठरलंय."

"पण का?"

तिने मान खाली घातली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"बाबा, मोरी सोडली तर या घरात दार लावून आम्हा दोघांना बोलायला जागा कुठेय?"