सातही दिवस हजर

"दोनातला एक कागद खोटा आहे, इंदाय," कॉलेजच्या कचेरीतल्या मानांग प्रेसी, म्हणजे प्रेसीताई, म्हणाल्या. प्रत्येक पोरीला त्या इंदायच म्हणत. त्यांनी जाळीच्या खिडकीतून अ‍ॅनालिनचा अर्ज अर्धा बाहेर सरकवला. "हॉस्पिटल म्हणतं, या सात दुपारी तू यंत्राला जोडलेली होतीस. आमची हजेरी म्हणते, सातही दुपारी तू वर्गात होतीस. एवढं तर आमच्या फादरनाही जमत नाही."

अ‍ॅनालिनला आधी हसू आलं. मग ते गेलं.

गैरहजेऱ्या तिने स्वतः मोजल्या होत्या. सात. कायद्याच्या या कॉलेजात सात चालतात, आठवीला नाव कट. आजवर डायलिसिस आठवड्यातून दोनदा असायचं. यंत्र सकाळी वेळेत मिळालं तर ती दुपारच्या वर्गाला पोहोचायची, नाही मिळालं तर नाही. पुढच्या आठवड्यापासून डॉक्टरांनी तिसरा दिवस लावला होता. मंगळवार, ऐन वर्गाच्या वेळेला. हजेरीची सूट मिळाली नाही तर वर्ष गेलं. रजेचा उपयोग नव्हता. गेल्या वर्षी डीन प्रेमाने म्हणाले होते, "रजा घे, बरी होऊन ये." किडन्या गेलेला माणूस बरा होऊन येत नाही. तो नुसता पुन्हा पुन्हा येतो.

"हॉस्पिटलचा खरा," ती म्हणाली. "मी नव्हते वर्गात."

"मग या सह्या कुणाच्या?" मानांग प्रेसींनी हजेरीची पानं तिच्याकडे फिरवली. "नीट बघ. खोटी सही करणारा कॉलेजातून बाहेर, आणि वकील असला तर त्याची सनद जाते. डीन चार वाजता बसतात. तू नावं तेवढी दे, सूट आजच्या आज. शिक्का मी मारते."

रोजचं एक पान. ते बाकांवरून फिरतं, जो तो आपल्या नावापुढे सही करतो. शेवटी शिकवणाऱ्या वकीलबाई, अ‍ॅटर्नी सुमागायसाय, मोकळ्या जागांवर काट मारतात आणि खाली स्वतःची सही करतात. उत्तर चुकलं तर तासभर उभं ठेवणारी बाई. ती काट मारायला विसरत नाही.

पहिली सही जाडजूड, कागद फाटेल इतकी दाबलेली. वर्गात हजेरीचं पान फिरवणारा तिक्यो, तिच्याबरोबर शिकणारा पन्नाशीचा माजी हवालदार. "काय गं, आज तरी जिवंत दिसतेस!" असं रोज ओरडणारा. दुसरी गोल, नीटस, एका रेषेत. सिस्टर बेनिग्ना! वर्गातल्या या ननबाईंनी शनिवारी चर्चमध्ये या खोट्या सहीची कबुली कशी दिली असेल कोण जाणे. चौथी करणाऱ्याने तिच्या पाल्मारेस या आडनावाला एक शेपूट काढलं होतं. तिने ते जन्मात काढलं नव्हतं. प्रत्येक सही वेगळ्या हाताची होती. कुणी कुणाला सांगितलेलं दिसत नव्हतं, नाहीतर निदान सह्या तरी सारख्या आल्या असत्या.

सातवी हिरव्या शाईत होती.

त्या पानावर हिरवी शाई आणखी एकाच ठिकाणी होती, अगदी खाली, अ‍ॅटर्नींच्या सहीत. मोकळ्या जागेवर काट मारायला हात आला होता, आणि त्याने काट मारली नव्हती. मानांग प्रेसींनी नाव पाहिलं होतं, शाई पाहिली नव्हती.

अ‍ॅनालिनने पानं मिटली. डाव्या दंडातली, डायलिसिससाठी जोडलेली नस पट्टीखाली घरघरत होती.

"ओळखलंस ना? तोंडावर दिसतंय तुझ्या," मानांग प्रेसी म्हणाल्या. "बोल लवकर, माझा भात गार होतोय."

अ‍ॅनालिनने जाळीतून हात घातला आणि हॉस्पिटलचे सातही दाखले अर्जासकट ओढून घेतले.

"हॉस्पिटलचीच चूक झाली, मानांग. दुसऱ्याच कुणाचे तरी दाखले दिलेत त्यांनी मला."

मानांग प्रेसींनी तिच्या दंडावरच्या पट्टीकडे पाहिलं.

"आणि सूट?"

"नको."

"मग मंगळवारी वर्गात असशील?"

"नसायला काय झालं," अ‍ॅनालिन म्हणाली. "आजवर कधी चुकलेय का मी?"